खांबाचा पाय

पहाटे ५.३०

मार्गशीर्षात थंडी किल्ल्यावरून खाली उतरते, असं माझी आई म्हणायची. दार उघडलं की समोर डोंगराचा काळा उंचवटा आणि अलीकडे आग्रा रोडवरची दिव्यांची रांग. चांदवड झोपलं तरी रस्ता झोपत नाही. लाल कांद्याचे दिवस आहेत. मार्केटात लवकर नंबर लागावा म्हणून ट्रॅक्टर रात्रीच निघतात, आणि ट्रॉलीत कांद्यावर गोणपाट पांघरून एखादा पोरगा बसलेला असतो. बंब पेटवता पेटवता ती सगळी घरघर कानावर येत राहते. लहानपणापासून हेच आमचं घड्याळ.

मी सुतार. आजोबांनी तिफणी, वखरं, बैलगाड्यांची चाकं केली. वडिलांनी घरांच्या चौकटी केल्या. माझ्या वाट्याला प्लायवूड आणि सनमायका आला, आणि पंचवीस वर्षं मी तेच केलं. चार वर्षांपूर्वी होळकरांच्या रंगमहालात लाकूडकामाला माणूस हवा होता, जुन्या हत्यारांवर हात बसलेला. आजोबांची पेटी माळ्यावर पडून होती. ती खाली काढली, पुसली, आणि तेव्हापासून माझा दिवस त्या वाड्यात जातो.

७.००

पेटी भाचा उचलतो. एकोणीस वर्षांचा आहे, आयटीआय केलंय, मशीनवर हात चांगला चालतो. रंध्यावर अजून बसायचाय.

"मामा, आज टेकू काढायचा ना?"

"आधी पाय बसू दे. मग बघू."

पेठेतून चालत गेलं की वाडा एकदम समोर येतो. बाहेरून त्याला वाडा कुणी म्हणणार नाही. गढीच वाटते: उंच भिंती, बुरूज, भक्कम दरवाजा. आत पाऊल टाकलं की सगळं बदलतं. बाहेर दगड, आत साग. चौकाभोवती नक्षीचे सागवानी खांब, त्यांच्यावर तुळया, तुळयांखाली महिरपी. भिंतींवर रामायण-महाभारतातली चित्रं, वेलबुट्टी, फुलं. आवारात पायऱ्यांची विहीर. अठराव्या शतकातलं काम. माळव्यातून दक्षिणेत उतरताना होळकरांचा मुक्काम पडायचा तो या वाटेवर, आणि अहिल्याबाईंचं नाव तर इथे दगडादगडाला चिकटलेलं आहे. डोंगरातल्या रेणुकेच्या देवळाचा जीर्णोद्धारही त्यांचाच.

दिवसाचं पहिलं काम झाडलोट. रात्री वटवाघळं येऊन जातात, त्यांच्या लेंड्या फरशीवर आणि खांबांच्या पायथ्याशी पडलेल्या असतात. दिसायला किरकोळ गोष्ट आहे. पण ती साठली, ओल धरली, की लाकूड आणि रंग दोन्ही खाते. म्हणून आधी झाडू, मग ब्रश, मग कोरडं फडकं. पाणी नाही. वाड्याचं लाकूड पाण्याने पुसायचं नाही, हे भाच्याला मी पहिल्या दिवशी सांगितलं. आजही सांगतो.

८.००

उजेड चौकात उतरला की धार लावायची. पटाशीला धार नसेल तर ती लाकूड कापत नाही, चेचते. दगडावर पाण्याचा थेंब, पटाशीची तिरकी बाजू पूर्ण टेकवून पुढे-मागे, पुढे-मागे. मग पाठ एकदाच सपाट फिरवायची. धार लागली का ते मी अंगठ्याच्या नखावर बघतो. पातं नखावर हलकेच ठेवलं आणि घसरलं नाही, तर लागली. चार पटाश्या, एक किकरं, रंध्याचं पातं. अर्धा तास जातो. भाच्याला वाटतं हा वेळ वाया गेला. मला वाटतं दिवसातलं निम्मं काम या अर्ध्या तासात होतं.

८.४५

आता तो खांब.

महिन्याभरापूर्वी मी चौकातले सगळे खांब वाजवून पाहिले. मातीच्या माठासारखंच असतं ते. बोटाच्या पेराने किंवा लाकडी मोगरीने ठोकत खालून वर जायचं. घट्ट लाकूड टणटणीत बोलतं. पोकळ झालेलं भदभद आवाज देतं. या खांबाचा आवाज छातीएवढ्या उंचीपासून वर खणखणीत होता आणि गुडघ्याखाली मेला होता. टोच्या घातला तर इंचभर आत गेला, काही विरोध नाही.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. खांब उभा असतो दगडी तळखड्यावर. मागे कधीतरी कुणीतरी, खांब हलू नये म्हणून, त्या बुंध्याभोवती सिमेंटची कड घातली होती. करणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण सिमेंटने कपासारखं काम केलं. पावसाळ्यात फरशीवर आलेली ओल त्या कपात साठली, बाहेर पडायला तिला वाट मिळाली नाही, आणि अडीच शतकं ज्या सागाला काही झालं नाही तो काही वर्षांत कुजला. वरून ऑइलपेंट होता, त्यामुळे बाहेरून कुणाला दिसलंही नाही. ती कड छिन्नीने फोडताना मला फार वाईट वाटलं. लाकूड असं पाठीमागून मारलेलं बघवत नाही.

सगळा खांब बदला, असं म्हणणारे होते. खांब नवा, गुळगुळीत, सरळ, आणि काम आठ दिवसांत खलास. मी नाही म्हणालो, आणि जतनाच्या कामावर असलेल्या आर्किटेक्ट मॅडमही नाही म्हणाल्या. दहा फुटांपैकी दीड फूट वाईट आहे. साडेआठ फूट चांगलं लाकूड, त्याच्यावरची कुणा कारागिराच्या हातची पानं-फुलं, ती कशासाठी फेकायची? कुजलंय तेवढंच काढायचं आणि खांबाला पाय जोडायचा.

पायाचं लाकूड मिळवायलाच पंधरा दिवस गेले. ताजा साग चालत नाही. तो पुढे सुकतो, आकसतो, आणि जुन्या खांबाच्या सांध्यात फट पडते. जुनंच हवं, ज्याचं आकसणं कधीच संपलंय असं. शेवटी मोडलेल्या एका घराच्या तुळईचा तुकडा मिळाला. वरचा काळा थर रंध्याने काढला आणि आतून सोनेरी तपकिरी रंग आला, त्याच्याबरोबर वास. जुन्या सागाचा वास ज्याने घेतला नाही त्याला सांगणं कठीण आहे. तेल, कातडं आणि पावसाआधीची माती, असं काहीतरी. भाचा हातातलं काम टाकून भुसा नाकाशी धरून उभा राहिला होता. मी त्याला काही बोललो नाही.

गेल्या आठवड्यात तुळईखाली दोन्ही बाजूंना टेकू दिले आणि जॅकने अर्धं सूत उचलून धरलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या धंद्यात अजून मोजमाप सुतातच चालतं. वरचं वजन खांबावरून टेकूंवर आल्यावर कुजका भाग करवतीने काढला. खांबाच्या खालच्या टोकाला मधोमध जीभ काढली, दोन्ही बाजूंना खांदे ठेवले. नव्या पायाला त्या जिभेच्या मापाची खाच पाडली. आज ते एकमेकांत बसवायचं आहे.

बसलं नाही. पहिल्या खेपेला कधीच बसत नाही. जिभेवर खडूचा हात फिरवला, पाय वर ढकलला, खाली काढला. खाचेत जिथे खडू लागला तिथे लाकूड जास्त. तिथून पटाशीने कागदाएवढी साल काढायची. पुन्हा खडू, पुन्हा वर, पुन्हा खाली. सकाळभर आम्ही हेच केलं. अकरा वेळा.

११.००

डिसेंबर-जानेवारी म्हणजे सहलींचे दिवस. दरवाजातून आधी आवाज आत आला, मागून साठ-सत्तर पोरं. निळे शर्ट, गळ्यात पाण्याच्या बाटल्या, पुढे गुरुजी आणि मागे बाई. मनमाडच्या बाजूची शाळा. चित्रांना हात लावायचा नाही, हे गुरुजींनी तीनदा सांगितलं, आणि तरी बाई भिंतीच्या कडेने हात आडवे धरून उभ्या राहिल्या. त्या बाईंना माझा नमस्कार. चित्रांची खरी राखण त्याच करत होत्या.

पोरांना राणीपेक्षा करवतीत जास्त रस असतो. दहा-बाराजण माझ्याभोवती जमले.

"काका, हे खालचं लाकूड वेगळ्या रंगाचं दिसतंय. रंग देऊन सारखं करणार का?"

"नाही."

"मग कळेल ना, जोडलंय म्हणून!"

"कळावं म्हणूनच. अजून शंभर वर्षांनी इथे दुसरा सुतार येईल. जुनं कुठलं आणि माझं कुठलं, हे त्याला लगेच दिसायला हवं. म्हणजे माझं काही चुकलं असेल तर तो माझंच काढेल, जुन्याला हात लावणार नाही." मग जिभेवर पटाशीने कोरलेलं साल त्यांना दाखवलं. सांधा बसला की ते आत झाकलं जाणार. पुन्हा कुणी उघडलं तरच दिसेल.

एक बारकं पोरगं मागून पुढे आलं. "आमच्या मनमाडला स्टेशन आहे. चांदवडला का नाही?"

गुरुजी हसले, पण प्रश्न चांगला होता. हाच प्रश्न मी माझ्या वडिलांना विचारला होता. मी त्याला सांगितलं ते असं. पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती १८५३ साली. पुढे थळ घाटातून, म्हणजे आपल्या कसारा घाटातून रूळ वर चढले, तो घाट १८६५ साली सुरू झाला. नाशिकवरून पुढे जाताना आमच्या डोंगराच्या वाटेला न जाता ती लाइन निफाड, लासलगाव करत सपाटीवरून तुमच्या मनमाडला गेली. पुढे निजामाच्या हैदराबादकडे जाणारी मीटर गेज लाइनही मनमाडहूनच निघाली, आणि तुमचं गाव जंक्शन झालं. त्याच्या आधी शेकडो वर्षं मुंबई-आग्रा वाटेवरचं मोठं ठिकाण म्हणजे चांदवड होतं. किल्ला इथे, बाजार इथे, टांकसाळ इथे.

"टांकसाळ म्हणजे?"

"पैसे पाडायची जागा. आपल्या गावात रुपया पडायचा. चांदोरी रुपया."

यावर सगळी पोरं गप्प झाली. पन्नासची नोट कुठे छापतात ते त्यांना ठाऊक नसतं, पण आपल्या शेजारच्या गावात चांदीचा रुपया पडत होता ही गोष्ट त्यांना एकदम लागली. त्या रुपयावर नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं आणि टांकसाळीचं नाव जाफराबाद चांदोर. राज्य मराठ्यांचं, रुपया बादशहाच्या नावाचा. हे कसं, ते गुरुजींनी समजावलं आणि छान समजावलं. १८१८ ला इंग्रज आले, आणि पुढे टांकसाळही गेली.

"तो रुपया कुठाय? बघायचाय."

इथे नाही, एवढंच मला सांगता आलं.

१२.४५

जेवायला आम्ही विहिरीजवळच्या सावलीत बसतो. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात, ठेचा. चुन्याचं काम करणारे गवंडी नाना, चित्रं साफ करणाऱ्या दोघी मुली, आर्किटेक्ट मॅडम, भाचा आणि मी.

नानांचा चुना हा वेगळा संसार आहे. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, दिवसेंदिवस मुरत ठेवायचा, मग वाळू आणि विटांची भुकटी घालून घोटायचा. त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर. मुरलेला चुना बोटावर घेतला तर लोण्यासारखा लागतो. नाना म्हणतात, "सिमेंट भिंतीचं तोंड दाबतं, चुना भिंतीला श्वास घेऊ देतो." ओल आत शिरली तर चुन्यातून ती बाहेरही पडते. माझ्या खांबाच्या बुंध्याशी चुना असता तर मला हे काम करावं लागलंच नसतं.

चांदवडला स्टेशन का नाही, हा पोराचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. मी तो मॅडमना सांगितला. त्यांनी मोबाइलवर एक फोटो काढून दाखवला. मँचेस्टरचं लिव्हरपूल रोड स्टेशन, १८३० सालचं. मँचेस्टर ते लिव्हरपूल पहिली रेल्वे सुरू झाली तेव्हाचं. पंधरा वर्षांच्या आतच उतारू दुसऱ्या स्टेशनात गेले आणि इथे नुसती मालाची चढउतार राहिली. मालगाड्याही १९७५ ला थांबल्या. आज तिथे संग्रहालय आहे. लाल विटांची साधी दुमजली इमारत. मला तिच्या खिडक्यांच्या चौकटी बघायच्या होत्या, पण फोटो लहान होता.

"उतारू लवकर गेले म्हणून ते वाचलं," मॅडम म्हणाल्या. "मुख्य स्टेशन राहिलं असतं, तर मोठं करण्यासाठी केव्हाच पाडलं असतं."

आपल्याकडेही नागपूरला मोतीबागेत छोट्या रुळाच्या गाड्यांचं संग्रहालय २००२ पासून आहे. सातपुड्यातून धावणारी इंजिनं आणि डबे तिथे ठेवलेत. मी पाहिलंय. लाकडी डब्याच्या दाराची बिजागरी हलवून पाहिली होती, अजून सरळ बसते.

मला वाटतं, मँचेस्टरच्या त्या स्टेशनासारखंच चांदवडचंही झालं. रेल्वे आली नाही म्हणून गाव मागे पडलं, हे खरं आहे आणि त्याचं दुःख जुन्या माणसांना होतं. पण ती आली असती तर पेठेतला हा साग टिकला असता का, याची मला खात्री नाही. आणि या होळकरांची गंमत बघा. ज्यांच्या गावाला रेल्वे मिळाली नाही, त्याच घराण्यातल्या दुसऱ्या तुकोजीरावांनी खांडवा ते इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने. २०२४ मध्ये मनमाड-इंदूर नव्या लाइनला मंजुरी मिळाली आहे, ३०९ किलोमीटर, मालेगाव-धुळ्यावरून. होळकरांची दोन टोकं रुळांनी जोडली जाणार, आणि ती गाडीही आमच्या शेजारून जाणार.

या वाड्यात गावाचं संग्रहालय व्हावं, असं मला मनापासून वाटतं. नुसती रिकामी दालनं आणि खांब दाखवून भागत नाही. सकाळच्या त्या पोराला रुपया बघायला मिळायला हवा. काचेच्या पेटीत एक चांदोरी रुपया, त्याच्या शेजारी भिंग. आमच्या आजोबांसारख्यांची तिफण. आग्रा रोडचा जुना नकाशा, त्यावर लासलगावकडे वळून गेलेले रूळ. नानांच्या चुन्याचा एक वाटीभर गोळा, हात लावून बघण्यासाठी. आणि माझ्या खांबाचा कुजलेला तुकडाही, सिमेंटच्या कडेसकट.

२.००

दुपारी ठोकाठोक बंद. वरच्या दालनात त्या दोघी मुली भिंतीजवळ स्टुलावर बसलेल्या असतात. काडीला कापूस गुंडाळून, ओला करून, चित्रावरची काजळी काढतात. तळहाताएवढी जागा साफ करायला एकेक तास. धुळीचा एक कण उडाला तरी त्यांचं काम बिघडतं, म्हणून त्या वेळात मी फक्त खुंट्या करतो.

खुंट्या बाभळीच्या. करवतीने कापत नाही, कोयत्याने उभ्या फोडतो, म्हणजे रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहते. कापलेल्या खुंटीची रेषा मध्येच तुटलेली असू शकते आणि ठोकताना ती तिथेच मोडते. फोडल्यावर चाकूने आठ कडा, मग सोळा, मग गोल. टोकाला जरा निमुळती. चार खुंट्या लागणार, सहा केल्या.

३.३०

एक म्हातारी बाई सुनेचा हात धरून आल्या. यवतमाळच्या. वणीला सप्तशृंगीला जाऊन परत निघालेल्या, वाटेत रेणुकेचं दर्शन घ्यायला थांबलेल्या. चौकात आल्या, खांब पाहिले, चित्रं पाहिली, पण डोळे दुसरंच काहीतरी शोधत होते.

"मी इथं आले होते," त्या म्हणाल्या. "वाड्यात नाही. गावात. शरद जोशींच्या मेळाव्याला."

मी पटाशी खाली ठेवली. १९८६ चा नोव्हेंबर, ९ आणि १० तारीख. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून लाखाहून जास्त बायका आमच्या या लहान गावात आल्या होत्या. मी तेव्हा शाळेत होतो. रस्त्यावर ट्रक, ट्रॅक्टर, एसट्या, आणि जिकडे बघावं तिकडे बायका. इतक्या बायका एकत्र, घरचा पुरुष बरोबर नाही, हे आमच्या गावाने आधी कधी बघितलं नव्हतं. वडिलांनी मला खांद्यावर घेतलं नव्हतं, मी मोठा होतो, म्हणून दगडावर चढून पाहिलं.

"ट्रकात आलो आम्ही," आजी सांगत होत्या. "दोन दिवसांच्या भाकरी फडक्यात बांधून. सासू म्हणाली होती जाऊ नको. नवरा म्हणाला जा. घरचं सगळं मागे ठेवून मी पहिल्यांदा निघाले ती इथं."

त्यांनी खांबाला हात टेकला. जिथे पाय जोडला जाणार होता, त्याच्या वीतभर वर. सुनेने विचारलं, "आई, इथं लिहिलंय का कुठं, त्या सभेचं?" मी नकारार्थी मान हलवली. सुनेला वाईट वाटलेलं दिसलं. आजींना नाही. त्या विहिरीच्या पायऱ्या बघायला पुढे गेल्या.

ती भाकरी बांधलेली फडकी कुणाकडे तरी अजून असतील. संग्रहालयासाठी मी ती मागायला जायला तयार आहे. यवतमाळपर्यंत.

४.१५

मुलींचं वरचं काम संपलं, त्यांनी वरून हाक मारून सांगितलं. आता ठोकायला हरकत नाही.

बाराव्या खेपेला पाय बसला. जीभ खाचेत पूर्ण गेली आणि खांदे दोन्ही बाजूंनी टेकले. फटीत कागदाची घडी सारून पाहिली, शिरली नाही.

आता खुंट्यांची भोकं. भाच्याला वाटलं, गिरमिट धरायचं आणि आरपार पाडायचं. तसं केलं तर खुंटी नुसती अडकते, ओढत नाही. मी नव्या पायाच्या दोन्ही गालांना भोकं आधीच पाडून ठेवली होती. पाय बसवून त्या भोकांतून जिभेवर खूण केली, पाय पुन्हा खाली काढला, आणि जिभेतलं भोक खुणेच्या अर्धं सूत वर पाडलं, खांद्याच्या बाजूला. तिन्ही भोकं एका ओळीत येत नाहीत, मधलं जरा चुकलेलं असतं. निमुळती खुंटी आत शिरताना ते चुकलेलं भोक ओळीत यायला बघते, आणि त्या ओढीने सांधा आपोआप घट्ट होतो. खिळा नाही, सरस नाही. ही अर्ध्या सुताची गोष्ट आजोबांनी बैलगाडीच्या साटीवर मला दाखवली होती. मी आठ-नऊ वर्षांचा असेन.

"आता तू ठोक," मी भाच्याला म्हणालो.

त्याने पहिली खुंटी लावली. मोगरीचे पहिले चार ठोके हलके. मग आवाज बदलला, जड झाला. खुंटी वाकते आणि ओढते तेव्हा असा आवाज येतो. खांद्यांची बारीक रेघ डोळ्यांदेखत आणखी बारीक झाली. दुसरी खुंटी, तिसरी, चौथी. शेवटची ठोकून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी फक्त मान हलवली. घसा भरून आला होता.

मग जॅक. पाव फेरा सोडला, थांबलो. तुळईकडे बघितलं, ओळंबा बघितला. आणखी पाव फेरा. वरून एकदा कट्ट आवाज आला, नाना धावत आले. काही नव्हतं, तुळई आपल्या जागी बसली होती. खांबावर वजन आलं. पाय तळखड्यावर टेकला, जिथे आता सिमेंट नाही, नुसता घासून स्वच्छ केलेला दगड आहे आणि ओल निघून जायला मोकळी जागा.

मोगरीने खालून वर वाजवत गेलो. पाय टणटणीत. सांधा टणटणीत. वरचा खांब टणटणीत. भाच्याने कान लावून ऐकलं.

टेकू काढले नाहीत. आठवडाभर राहू देत.

६.००

हत्यारं मोजून पेटीत. एकही पटाशी वाड्यात रात्री राहू द्यायची नाही. भुसा गोळा करून पोत्यात. पहारेकऱ्याला सांगून दरवाजा ओढून घेतला, तोवर वटवाघळं बाहेर पडायला लागली होती. उद्या पुन्हा झाडू.

रात्री १०.३०

मुलगी मुंबईला शिकते, आज पंचवटी एक्सप्रेसने येणार. तिला आणायला मोटारसायकलवर मनमाडला आलो. पंचवीस किलोमीटर, वारा बोचतो. गाडी उशिरा आहे असं भोंग्यावर सांगत होते. प्लॅटफॉर्मवर शेकोटीभोवती जमावीत तशी माणसं चहाच्या स्टॉलभोवती जमलेली. वडिलांनी मला लहानपणी इथेच आणून दोन रुंदीचे रूळ दाखवले होते, मोठ्या गाडीचे आणि निजामाच्या छोट्या गाडीचे. आता सगळे एकाच रुंदीचे आहेत.

बसायला जुना लाकडी बाक होता, रंगाचे थर चढलेला. बसण्याआधी सवयीने बोटाच्या पेराने वाजवला. साग. एका टोकाचा पाय भदभद बोलला. मी दुसऱ्या टोकाला बसलो आणि गाडीची वाट पाहिली.